वाचकांचे प्रश्न : उपरोध लिहिताना

प्रश्न : आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका नाटकावर बंदी घालावी की नाही, यावरून वाद रंगला होता. माझा बंदीला विरोध आहे. चिडून मी लिहिले, 'नाटकेच कशाला, वाचनालयांनाही कुलपे लावा, म्हणजे कोणाच्याच भावना दुखावणार नाहीत.' त्या एका वाक्याचा स्क्रीनशॉट इतर गटांवर फिरला आणि मी बंदीचा समर्थक ठरलो. आमचे मराठीचे निवृत्त सर व्यथित होऊन गट सोडून गेले. उपरोधाने लिहिणे चूक आहे का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : उपरोध चूक नाही, पण तो आवाजावर आणि चेहऱ्यावर उभा असतो, आणि स्क्रीनशॉटमध्ये ही दोन्ही येत नाहीत. आपल्याकडे वाद हातघाईवर आला की 'बिंदू चौकात या' असे आव्हान देतात. तिथे आपण हेच वाक्य उच्चारले असते, तर रोख कोणाकडे आहे हे स्वरावरूनच कळले असते. शिवाय आपण उपहासाने लिहिले तेच मनापासून मागणारी माणसेही या वादात असतात, त्यामुळे सरांनी ते वाक्य खरे मानले यात मला त्यांचा दोष दिसत नाही. जून २०२३ मध्ये मोबाइलवरील स्टेटसवरून आपले शहर कसे पेटले आणि इंटरनेट कसे बंद ठेवावे लागले, हे आपण पाहिलेच आहे.

आडून बोलण्याची आपली परंपरा जुनी आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०७ मधील 'कीचकवध' नाटकात प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. तेव्हा उघड बोलणाऱ्याला तुरुंग ठरलेला होता, म्हणून तो आडपडदा आवश्यक होता. आपल्यावर ती वेळ नव्हती. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी यांत स्पष्ट भेद केला, आणि पहिल्या दोन गोष्टी कितीही अप्रिय वाटल्या तरी त्या भाषणस्वातंत्र्याच्या गाभ्यातच येतात, असे सांगितले. 'या बंदीला माझा विरोध आहे' हे वाक्य आपण कारणांसह आधी लिहायला हवे होते. त्याच्या पाठोपाठ उपरोध आला असता तर तो बंदीच्या मागणीलाच लागला असता.

आता ते वाक्य पुसू नका. त्याच गटावर आपली भूमिका सरळ शब्दांत लिहा. सरांना मात्र संदेश पाठवू नका. संध्याकाळी त्यांच्या घरी जा आणि समोर बसून सांगा.