कुंभारीण खरंच कोळ्याची कुंभारीण करते का?

तुमची आजी म्हणते की कुंभारीण माशी कोळी धरून आणते, मातीच्या घरात कोंडते, त्याच्यापाशी गुणगुणत राहते आणि शेवटी त्या कोळ्याचीच कुंभारीण होते. कोळी आत जातो नि कुंभारीण बाहेर पडते, एवढं आजींनी अगदी बरोबर पाहिलंय. आपल्या संतांनीही अळीची भृंगी, म्हणजे अशीच माशी, होण्याचा दृष्टांत असाच घेतला. मधलं सगळं मातीआड घडतं, ते सांगतो.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी मे महिन्यात कूलरचं पाणी गळून अंगणाचा एक कोपरा ओला राहतो. बाकी सगळं तापून कोरडंठाक, म्हणून कुंभारणी तिथेच उतरतात. काळं अंग, त्यावर पिवळं, कंबर दोऱ्याएवढी. शास्त्रीय नाव स्केलिफ्रॉन मद्रासपटानम. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७८१ साली हिचं वर्णन केलं. डोकं खाली घालून ती चिखलाची गोळी वळते तेव्हा बारीक गुणगुणते. भिंतीवर चिखल लिंपतानाही तेच. तिच्या अंगाची थरथर चिखलात उतरते नि तो छान पसरतो. आजींनी ऐकलेली गुणगुण ही. कोळ्याशी त्या गुणगुणीचा काही संबंध नाही.

एकदा सज्जाखालचं घरटं माझ्या हातून फुटलं, अजून वाईट वाटतं. नळीसारख्या एका खोलीत अकरा बारके कोळी ठासून भरलेले. एकाच्या पोटावर तांदळाच्या कणीसारखं पांढुरकं अंडं. खराट्याच्या काडीने एका कोळ्याला हलकेच शिवलो, तर पाय हलला! ते मेलेले नसतात. डंख मारून तिने त्यांना लुळं केलेलं असतं, म्हणून ते सडत नाहीत. अंड्यातून निघालेली अळी हे ताजे कोळी एकेक करून खाते, मग स्वतःभोवती कोष विणते, नि पंख फुटले की मातीला भोक पाडून उडते. आई तोवर केव्हाच निघून गेलेली असते. स्वतः ती फुलांतला मध पिऊन जगते.

चावण्याची भीती बाळगू नका. ही एकटी राहते, गांधीलमाश्यांसारखी पोळ्यासाठी अंगावर येत नाही. हातात दाबली तरच डंख मारेल, आणि नराला तर नांगीच नसते.

घरट्याला गोल भोकं दिसेपर्यंत ते पाडू नका. भोकं पडली की खुशाल खरवडा, पण आजींना जवळ बसवून. आत तपकिरी, कागदासारखा रिकामा कोष मिळेल, नि नशीब असेल तर कोळ्याचा एखादा उरलेला पायही.