आमच्या गावठाणात एक गधेगळ आहे (गाढव आणि बहुधा दानाचा लेख कोरलेला जुना दगड). त्याचं थ्रीडी स्कॅनिंग मोबाईलवर होईल का, की महागडं यंत्रच लागतं?

होईल. एका दगडासाठी मोबाईल पुरतो.

आयफोन प्रोमधल्या लायडारच्या (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या) मागे मात्र लागू नका. खोली किंवा लेण्याचा मंडप मोजायला तो ठीक आहे, पण झिजलेल्या अक्षरांची बारीक खोली त्याच्या पकडीत येत नाही. इथे फोटोग्रामेट्रीच हवी. चहूबाजूंनी भरपूर फोटो काढायचे, सॉफ्टवेअर त्यांतले सामाईक बिंदू जुळवून आकार उभा करतं. शंभर-सव्वाशे फोटो घ्या. एक फेरी बसून, एक उभ्याने, एक वरून. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान दोन तृतीयांश भाग यायला हवा. फ्लॅश आणि झूम बंद. फोटोंतून मॉडेल बनवणारं मेशरूम हे सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त संगणकात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. नसेल तर रिअ‍ॅलिटीस्कॅनसारखं अ‍ॅप वापरा.

खरी डोकेदुखी उजेडाची. सकाळी ऊन दगडावर यायच्या आत काम उरका. पावसाळ्यात ढग आयतेच मिळतात, पण ओला दगड चकाकतो. शेंदरावर कुणी हौसेने ऑइलपेंट मारला असेल (आणि तो बहुतेक मारलेलाच असतो), तरी तेच. चकाकी दर फोटोत जागा बदलते आणि मॉडेलवर फोड उठतात. पण म्हणून शेंदूर खरवडायला जाऊ नका, आणि अक्षरांवर खडू किंवा पीठही चोळू नका. त्याची गरजच नाही. तयार मॉडेल मेशलॅबमध्ये (मॉडेल बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडा, रंग बंद करा आणि प्रकाश तिरका फिरवा. नुसत्या डोळ्यांना सपाट वाटलेल्या जागी ओळी वर येतात. वरचे सूर्य-चंद्र आणि खालचं गाढव यांच्या मधली पट्टी सावकाश बघा. लेख असला तर बहुधा तिथेच. बोरिवलीला एकसरच्या वीरगळांवर (वीरांच्या स्मारक-दगडांवर) जहाजांची लढाई कोरली आहे. साध्या फोटोत प्रकाश असा फिरवता येत नाही, म्हणून असल्या उठावाचं त्यात कायम अर्धंच दिसतं.

दगडाशेजारी मोजपट्टी ठेवायला विसरू नका, नाहीतर मॉडेलवरून गधेगळ दोन फुटी की पाच फुटी हे कुणाला सांगता यायचं नाही. मूळ फोटोही जपून ठेवा, दोन ठिकाणी. उद्या याहून चांगलं सॉफ्टवेअर आलं की त्याच फोटोंतून नवं मॉडेल काढता येतं. नुसतं मॉडेल ठेवलं तर ती वाट बंद.

परवानगीचं म्हणाल तर कान्हेरी, महाकाली, घारापुरी ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्थळं, तिथे ट्रायपॉडलाही परवानगी लागते. तुमच्या दगडाला गावठाणातल्या ज्येष्ठांना विचारा. त्यांच्यासाठी तो देव असेल, तर मॉडेल स्केचफॅबवर (थ्रीडी मॉडेल्सच्या वेबसाइटवर) टाकण्याआधी त्यांना दाखवा, आणि टाकताना माहितीत तारीख, मोजमापं, गावठाणाचं नाव आणि तिथली मंडळी त्याला काय म्हणतात तेही लिहा.