वर्गणीला खाडा नसतो

“मॅडम, मला विसरायचा आजार लागलाय का?” सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्या बहुतेक चाळिशीच्या, नोकरी आणि घर दोन्ही ओढणाऱ्या. त्यातल्याच एकीची ही गोष्ट, ओळख पटू नये इतपत बदलून.

बाई सांगलीतल्या एका पतसंस्थेत वसुली बघतात. नवरा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. मुलगा बारावीला, मुलगी आठवीत, शिवाय सासूबाई. क्लासच्या फीसाठी पैसे काढायचे म्हणून पासबुक भरून आणलं आणि वाचता वाचता नवऱ्याचं बोट एका ओळीवर थांबलं. २९९ रुपये, सिनेमांच्या एका ॲपची वर्गणी. मागं जात राहिले तर २७ महिने. मग दुसरं निघालं, १४९ चं, १९ महिने. तिसरं नवऱ्याच्याच कार्डावर, वर्षाचे १४९९ असे दोनदा. बेरीज १३,९०२. आईला वाटे मुलं बघतात, मुलांना वाटे बाबा बघतात, आणि बाबा रात्री साडेनऊला जेवून आडवे. घरात खटका उडाला तो असा, की बाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

गॅस चालू राहतो का? रोजच्या रस्त्यावर गोंधळायला होतं का? तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारता का? मी विचारून घेतलं. यातलं काही असतं तर आधी मिरजेला डॉक्टरांकडे पाठवलं असतं. पण या बाईंना थकबाकीदारांचे हप्ते तारखेसकट तोंडपाठ!

“मग मेसेजच आले नसतील,” त्या म्हणाल्या. मला ते पटेना. आपोआप कापल्या जाणाऱ्या अशा रकमांची सूचना किमान २४ तास आधी द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. म्हटलं, इथंच शोधा. त्यांनी फोनमध्ये बँकेचं नाव टाकलं. मेसेज ओळीनं खाली उतरत गेले. एकही ठळक अक्षरांत नव्हता. म्हणजे सगळे उघडलेले. अंगठा स्क्रीनवर तसाच राहिला.

मी विषय बदलला. “थकबाकीदार नोटीस का घेत नाहीत हो?”

“घेतली की बोलायला लागतंय ना, मॅडम.” आणि त्या गप्प झाल्या.

मग हळूहळू निघालं. मुलगा दहावीला गेला तेव्हा त्यांनी ॲप फोनमधून काढून टाकलं होतं. त्यांच्या हिशेबी विषय संपला. पण ॲप काढल्यानं वर्गणी थांबत नाही, ती वेगळी रद्द करावी लागते. चौथ्या महिन्यात त्यांच्या ते लक्षात आलंही होतं. नेमकं त्याच आठवड्यात नणंदेच्या मुलीच्या आहेरावरून त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, जरा हात आखडता घ्या. आता आपलेच बाराशे वाया गेले हे कुठल्या तोंडानं सांगणार? पुढच्या महिन्यात बंद करू गुपचूप, असं ठरलं. पुढच्या महिन्यात सांगायची रक्कम आणखी वाढली.

याला मी विसरणं म्हणत नाही. बंद करायला दोन मिनिटं लागतात. महाग असतं ते कबूल करणं, आणि त्याचं व्याज चढत जातं.

आमच्या लहानपणी व्हीसीआर भाड्यानं आणायचा, रात्रभर तीन सिनेमे, सकाळी डोळे चोळत परत. नाही नेला तर दुकानदार दारात. त्या भाड्याला शेवट होता. आजही एकच सिनेमा भाड्यानं घेतला तर मुदत संपली की तो आपोआप जातो. वर्गणी तशी जात नाही, तिला हाकलावं लागतं.

पुढच्या खेपेला नवराही आला, नखांत हळद तशीच. बराच वेळ तेरा हजारांवर बोलला. मी १४९९ चं विचारलं तेव्हा म्हणाला, “ते क्रिकेटसाठी घेतलेलं.” बघितलं का? “एक मॅच.” बाई पहिल्यांदा हसल्या.

दोघांनी माझ्यासमोरच यूपीआय ॲपमधलं ऑटोपे उघडलं, नको ती परवानगी पिन टाकून रद्द केली. कार्डावरची वर्गणी त्या-त्या ॲपमधल्या खात्यात जाऊन बंद केली. मागचे पैसे परत मिळतील अशी आशा मी लावली नाही. ताज्या हप्त्यासाठी कंपनीला विचारून बघा म्हटलं. रद्द करायची वाटच लपवून ठेवली असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत असल्या सापळ्याला नाव घेऊन मनाई आहे. इथं मात्र बटण समोरच होतं.

एकच वर्गणी ठेवली, मुलीच्या हट्टापायी. ती कुठं लिहायची यावर घरी खल झाला. शेवटी सासूबाईंच्या दुधाच्या कॅलेंडरवर, जिथं दूध न आलेल्या दिवशी त्या फुली मारतात. पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. सासूबाईंनी चष्मा लावून तो आकडा वाचला आणि विचारलं, “फेब्रुवारीत पोराची परीक्षा. मग महिनाभर खाडा धर म्हणून सांगितलंस का त्यांना?”

सांगितलं होतं. जानेवारीतच बंद केली.