वाचकांचे प्रश्न : कायदा बदलला, मग कथा अबोल का?

प्रश्न : मालवण तालुक्यातील वराड हे ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव, ते लिओ वराडकर आपण समलिंगी असल्याचे जाहीर करूनही २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्या देशातील समलिंगी पुरुषांविषयीच्या कथा मात्र मला कुढ्या वाटल्या. प्रियकरापेक्षा आईवडीलच त्यांत अधिक जागा अडवतात. असे का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे, ‘कुढ्या’ हे विशेषण मात्र मला मान्य नाही. पुरुषांमधील शरीरसंबंध गुन्हा ठरवणारे १८६१ आणि १८८५ चे ब्रिटिश कायदे स्वतंत्र आयर्लंडनेही चालू ठेवले (आपले पूर्वीचे कलम ३७७ त्याच घराण्यातले). त्यांच्याविरुद्ध समलिंगी हक्कांसाठी लढणारे डेव्हिड नॉरिस १९८३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात हरले, १९८८ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जिंकले, आणि तरीही कायदा बदलायला १९९३ साल उजाडले. २०१५ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला कौल दिला, तेव्हा अशा कथा लिहिणारे आयरिश लेखक कोल्म टोबीन साठीला टेकले होते. म्हणजे ज्या घरांविषयी ही पिढी लिहिते, त्या घरांत हा विषय निघाला, तर तो गुन्हा आणि पाप या दोनच नावांनी निघत असे.

टोबीन यांच्या २००६ च्या ‘मदर्स अँड सन्स’ या संग्रहातील ‘थ्री फ्रेंड्स’ ही कथा पाहा. फर्गसच्या आईचे निधन झाले आहे. अंत्यविधी आटोपल्यावर मित्र त्याला समुद्रकिनाऱ्यावरील नाचगाण्याच्या रात्रीला घेऊन जातात, आणि तेथे गारठलेल्या पाण्यात उतरल्यावर फर्गस आणि त्याचा मित्र मिक एकमेकांना प्रथमच वेगळ्या ओढीने स्पर्श करतात. आईचा मृत्यू आणि हा स्पर्श यांचा संबंध लेखक शब्दांत सांगत नाही. त्याने तो सांगितला असता, तर कथा तेथेच पडली असती असे मला वाटते.

आयरिश भाषेत लिहिणारे मिहॉल ओ कोनीले यांची ‘अहिर’, म्हणजे ‘वडील’, ही कथा तर सगळी एका कबुलीभोवतीच फिरते. मुलगा सांगून मोकळा होतो. पुढे उरतो तो वडिलांचा अवघडलेपणा, तुटक प्रश्न आणि दोघांमधली लांबत जाणारी शांतता. प्रियकर तेथे आणायचा कोठे? ज्याच्या होकारावर मुलाचे घरी येणे-जाणे अवलंबून आहे, तो माणूस समोर बसलेला आहे, आणि कथेतला ताण तोच आहे.

तरीही आपल्याला प्रियकरच हवे असतील, तर टोबीन यांच्या २०१० च्या ‘द एम्प्टी फॅमिली’ या संग्रहातील ‘बार्सिलोना, १९७५’ वाचा. तेथे शरीराविषयीचा संकोच औषधालाही सापडणार नाही, कारण गाव, धर्मगुरू आणि आई ही तिन्ही मंडळी समुद्रापलीकडे राहिलेली आहेत.