हेल्मेटवरची टकटक

'ताई, मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मेडिसिन वॉर्डात नाईटला आम्ही दोघीच आणि पेशंट ४० च्या वर. इन्चार्ज सिस्टर सारख्या माझ्याच नावावर नाईट लावतात. दिवसा झोप लागत नाही, पाय सुजतात, घरात चिडचिड होते. मिस्टर मात्र खूप समजूतदार, नाईटला कधी अडवत नाहीत. दहाला ऑफिसला जातात. परवा मी ओव्हर देऊन, म्हणजे वॉर्ड पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे सोपवून, घरी आले आणि मुलीला शाळेत सोडायला निघाले, तर सिग्नलला जरा डुलकी लागली. तिनंच मागून हेल्मेटवर टकटक करून उठवलं. दुसरीत आहे, पण इतकी हुशार! इन्चार्ज सिस्टरशी कसं बोलू?'

अगं, इन्चार्ज सिस्टरचं नंतर बघू. दोन दिवस तुझं पत्र माझ्यासमोर आहे आणि मी त्या टकटकीच्या पुढे जाऊ शकलेले नाही.

लेकीचं कौतुक म्हणून तू ते लिहिलंस. मला वाचून घाम फुटला. दुसरीतल्या पोरीला आईला हाक न मारता हेल्मेट वाजवायचं सुचतं, म्हणजे तिनं हे आधीही केलंय. पाठीला दप्तर, एक हात तुझ्या कमरेभोवती आणि दुसरा मोकळा ठेवलेला, तुझी मान कलली तर वाजवायला. रात्रभर तू ४० जणांवर लक्ष ठेवतेस आणि सकाळी ती तुझ्यावर. तिच्या वयाला हे काम आहे का?

गाडी उभी होती म्हणून निभावलं. ४० च्या वेगात स्कूटी सेकंदाला ११ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ४४ मीटर, आणि तेवढा वेळ गाडी कुणाच्याच हातात नाही. दिवसा तुला झोप नाही, म्हणजे नाईट संपेपर्यंत तू २४ तास जागी असतेस. इतकं जागलेल्या माणसाच्या हाता-डोळ्यांचा ताळमेळ १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा बिघडतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या कायद्यात वाहन चालवणाऱ्याला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. एंडोस्कोपीसाठी झोपेचं इंजेक्शन दिलेल्या पेशंटला सोडताना तू काय सांगतेस? 'सोबत कोण आहे? आज गाडी चालवायची नाही.' मग तुझ्यासोबत कोण आहे?

आता तुझे मिस्टर. शाळा नऊची, ऑफिस दहाचं, आणि पोरीला सोडायला तू, रात्रभर उभी राहून आलेली. नाईटला अडवत नाहीत याचं मला काडीचं कौतुक नाही. सकाळी दारात तुझा चेहरा बघून त्यांनी गाडीची किल्ली तुझ्या हातातून काढून घ्यायला हवी होती. समजूतदारपणा तिथे दिसतो, आणि तिथे तो दिसलेला नाही.

तेव्हा एकच कर. नाईट असेल त्या दिवशी स्कूटीला हात लावायचा नाही. जायला-यायला रिक्षा, बस, जे मिळेल ते. मुलीला बाबा सोडतील. त्यांना विचारू नकोस, सांग. सकाळी घाई होते म्हणाले, तर परवाची गोष्ट लेकीसमोर बसून त्यांना सांग. अजून सांगितली नसणार तू, मला खात्री आहे.

वॉर्डाची तुझी तक्रार शंभर टक्के खरी आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या रुग्णालयातही पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे. ही माणसं कमी आहेत ती इन्चार्ज सिस्टरमुळे नाहीत, पण नाईट वाटून द्यायच्या त्यांच्या हातात आहेत. तीन महिन्यांचे ड्यूटी चार्ट घेऊन मेट्रनना, म्हणजे इन्चार्जच्याही वरच्या सिस्टरना, लेखी अर्ज दे, तोंडी बोलत बसू नकोस. आणि सुजलेले पाय ओपीडीत दाखव, रांगेत स्वतःचं नाव लावून.

पण हे सगळं किल्लीनंतर. किल्ली आज संध्याकाळीच मिस्टरांच्या हातात दे. मग लेकीला जवळ घे आणि सांग, की उद्यापासून बाबा सोडणार, तू मागे बसून नुसती रस्त्यावरची गंमत बघ.