रात्री उशिरा स्वारगेटहून एकटीने रिक्षाने धायरीला जाताना काय काळजी घ्यावी?

मिरची स्प्रे पर्सच्या तळाशी असेल तर नसल्यासारखाच. किल्ल्या, टिकल्यांचं पाकीट, जुनी बिलं उपसेपर्यंत वेळ निघून जाते. मी जॅकेटच्या उजव्या खिशात ठेवते.

रिक्षात बसण्याआधी नंबर प्लेटचा फोटो बहिणीला पाठवायचा आणि रिक्षावाल्याला ऐकू जाईल असा फोन करायचा: "दादा, सिंहगड रोडने येतेय, कोपऱ्यावर उभा राहा." (दादा घरी झोपलेला असला तरी चालतं.) रस्ता बदलला तर लगेच विचारा, भीड कसली?

कुणी मागे लागलं तर घराकडे वळू नका. उघड्या मेडिकलमध्ये शिरा, ११२ हा आणीबाणीचा नंबर लावा. पोलीस ठाण्यात हद्दीचं कारण सांगितलं तर झीरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती तक्रार. पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.