सीताबर्डीचा ‘ज्वालामुखी’

प्रश्न: सीताबर्डीची टेकडी म्हणजे जपानच्या फुजी पर्वतासारखा झोपलेला ज्वालामुखी, असं मित्र ठासून सांगतो. खरं का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: नाही हो, मित्राला म्हणा टेन्शन नको घेऊ. दगड मात्र लाव्हाचाच, बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा वाहत आला, थरावर थर बसत गेले, म्हणून इथे शंकू-बिंकू काही नाही; आपलं नागपूर त्या पसाऱ्याच्या पार पूर्वेच्या काठावर येतं. फुजीचं प्रकरणच वेगळं, ३,७७६ मीटर उंच, लाव्हा नि राख साचून झालेला, शेवटचा फुटला १७०७ मध्ये. जपानी चित्रकार होकुसाईने तर त्याची ३६ चित्रं ठरवून ४६ काढली (आमचा फेवरेट लाल फुजी!). टेकडीकडचा काळा दगड नीट बघा, बारीक छिद्रं दिसली तर ते अडकलेल्या गॅसचे बुडबुडे, कधी आत पांढरं खनिजही भरलेलं असतं.